नाकेबंदी तांबड्या समुद्रात, वजावट आमच्या पट्टीत

प्रति,
सांगली जिल्ह्यातून द्राक्षे परदेशी पाठवणारे निर्यातदार व पॅकहाउसचालक,
आणि शेतमाल निर्यातीचे धोरण ठरवणारे केंद्र व राज्य शासनातील अधिकारी

महोदय,

फळ छाटणीच्या तोंडावर बागायतदारांपुढे जी करारपत्रे ठेवली जातात, त्यांत यंदा एक नवे कलम आले आहे. कुठे ते चौथे आहे, कुठे नववे. शब्दही थोडेफार वेगळे आहेत. मथितार्थ असा की, सागरी मार्ग बदलल्याने होणारा विलंब, युद्धजन्य अधिभार आणि त्यापायी मालाच्या प्रतीत येणारी घट बागायतदाराच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदातून, वजा केली जाईल. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस, खानापूर, जत या तालुक्यांतल्या निर्यातीच्या बागांचा खर्च एप्रिलच्या खरड छाटणीपासून सुरू होतो. ऑक्टोबरला कागद समोर येतो तेव्हा सहा महिन्यांचे पैसे जमिनीत गेलेले असतात. मग ‘सही करा, नाहीतर माल लोकलला घाला’ एवढाच पर्याय उरतो. हे कलम आम्हाला मान्य नाही. का मान्य नाही, हे तुमच्याइतकेच बाकीच्यांनाही कळावे, म्हणून पत्र उघडे लिहिले आहे.

आधी समुद्रात नेमके काय झाले ते पाहू. करारपत्रात त्याला ‘अनपेक्षित आपत्ती’ म्हटले आहे आणि आमचा पहिला आक्षेप त्याच शब्दाला आहे.

येमेनमधली यादवी सप्टेंबर २०१४ मध्ये हूथी बंडखोरांनी राजधानी साना ताब्यात घेतल्यापासून पेटली. मार्च २०१५ मध्ये सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालच्या आघाडीने हवाई हल्ले सुरू केले आणि त्याबरोबरच येमेनच्या बंदरांची नाकेबंदी केली. त्या देशाचे जवळजवळ नव्वद टक्के धान्य बाहेरून येते. ऑगस्ट २०१५ मध्ये होदेदा बंदरातल्या क्रेन बॉम्बफेकीत निकामी झाल्या, त्यामुळे धक्क्याला लागलेले जहाज रिकामे करायलाही दिवसच्या दिवस जाऊ लागले. २०१६ पासून संयुक्त राष्ट्रांनी जिबूतीतून जहाजे तपासून सोडायची यंत्रणा बसवली. तरी नोव्हेंबर २०१७ मध्ये रियाधच्या दिशेने क्षेपणास्त्र सुटल्यावर बंदरे पुन्हा बंद झाली. धान्याइतकेच डिझेल अडले. डिझेल नाही म्हणजे विहिरीवरचा पंप बंद, आणि पंप बंद म्हणजे बाग वाळली. येमेन हा द्राक्ष-बेदाण्याचा जुना मुलूख आहे, सानाजवळच्या बनी हुशैशची द्राक्षे नावाजलेली आहेत. तिथल्या बागायतदाराचे काय झाले असेल, हे सांगली जिल्ह्याला कुणी समजावून सांगायला नको.

त्याच हूथींनी १९ नोव्हेंबर २०२३ रोजी गाझातल्या युद्धाचे कारण देऊन ‘गॅलक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतले आणि पुढे तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदेबमधून जाणाऱ्या जहाजांवर क्षेपणास्त्रे व ड्रोन सोडायला सुरुवात केली. ही सामुद्रधुनी जेमतेम तीस किलोमीटर रुंद आहे. डिसेंबरच्या मध्यापर्यंत बहुतेक मोठ्या कंटेनर कंपन्यांनी तो मार्ग सोडला. कायद्याच्या भाषेत ही नाकेबंदी नव्हे. नाकेबंदी जाहीर करावी लागते आणि राखायला आरमार लागते. हूथींकडे आरमार नाही, पण परिणाम नाकेबंदीचाच झाला आणि तो मुख्यतः विम्यातून झाला. जहाजाच्या किमतीच्या ०.१ टक्क्याहूनही कमी असलेला एका फेरीचा युद्धविम्याचा हप्ता ०.७ ते १ टक्क्यापर्यंत चढला. दहा कोटी डॉलरच्या जहाजाला एकदा सामुद्रधुनी ओलांडायचे सात ते दहा लाख डॉलर पडू लागले, तेव्हा आफ्रिकेला वळसा घालणेच स्वस्त झाले. सुवेझ कालव्यातून २०२३ मध्ये २६ हजारांहून अधिक जहाजे गेली होती. २०२४ मध्ये ती साधारण निम्म्यावर आली.

म्हणजे डिसेंबर २०२३ पासून ही गोष्ट सगळ्या व्यापाराला ठाऊक आहे. तुमच्या बुकिंगच्या कागदावरच ‘केप ऑफ गुड होप मार्गे’ असे छापून येते. जे आधीपासून माहीत आहे आणि ज्याचे दर जहाज कंपनीने आधीच कळवले आहेत, ते ‘अनपेक्षित’ कसे? वादळात जहाज अडकले तर ती आपत्ती. ठरवून घातलेला वळसा हा व्यवहाराचा खर्च आहे आणि तो भाव ठरवताना धरायचा असतो. भाव ठरून गेल्यावर पट्टीतून कापायचा नसतो.

आता या वळशाचा हिशोब. न्हावाशेवाहून रॉटरडॅम सुवेझमार्गे सव्वासहा हजार सागरी मैलांच्या आसपास आहे, आफ्रिकेच्या टोकावरून साडेदहा हजारांच्या पुढे. फरक सव्वाचार हजारांहून अधिक मैलांचा. जहाज ताशी १५ मैलांनी चालले तर दिवसाला ३६० मैल कापते. म्हणजे किमान बारा दिवस वाढले. आठवड्याला एक जहाज सोडायचे वेळापत्रक राखायचे, तर जाऊन-येऊन तीन-साडेतीन आठवड्यांच्या वाढीसाठी त्या मार्गावर तीन-चार जहाजे जास्तीची लागतात. रिकामे कंटेनरही तितकेच उशिरा परततात. सुक्या मालाच्या कंटेनरची टंचाई एक वेळ भागते. रीफरची, म्हणजे शीत कंटेनरची, भागत नाही, कारण जहाजावर रीफरला वीज देणारे प्लग मोजके असतात आणि आपला सगळा माल फेब्रुवारी-मार्चच्या सहा-सात आठवड्यांत एकदम निघतो. भाडे चढते ते या टंचाईमुळे. त्याच्यावर युद्धजोखीम अधिभार, मार्गबदल अधिभार, हंगाम अधिभार असे तीन-चार नावांनी थर चढतात.

एक साधे गणित मांडतो. चाळीस फुटी रीफरमध्ये वीस पॅलेट आणि साधारण १३ टन द्राक्षे बसतात. डॉलर ८५ रुपये धरला तर कंटेनरमागे प्रत्येक १,००० डॉलरच्या वाढीला किलोमागे साडेसहा रुपये पडतात. हे साडेसहा रुपये आयातदाराने सोसायचे, निर्यातदाराने की बागायतदाराने, याची चर्चा आजवर एकाही बैठकीत झालेली नाही. पट्टीवर फक्त ‘इतर खर्च’ असा एक आकडा येतो. कुठल्या अधिभाराचे किती, कुठल्या कंटेनरचे, कुठल्या तारखेच्या दराने, काही नाही. जहाज कंपनीच्या बिलाची प्रत मागितली की ‘ते व्यापारी गुपित आहे’ असे उत्तर येते. ज्याच्या पैशातून बिल भागते त्याच्यापासूनच ते गुपित कसे ठेवता येते?

दुसरा आक्षेप प्रतीच्या घटीबद्दल आहे आणि त्यावर थोडे सविस्तर बोलले पाहिजे. ‘माल खराब निघाला’ या तीन शब्दांत सगळे उरकले जाते.

द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, फक्त उतरत जाते. किती वेगाने उतरेल हे चार-पाच ठिकाणी ठरते. सकाळी ऊन चढायच्या आत तोडणी, मग चार ते सहा तासांत प्रीकूलिंग. तिथे जोराच्या गार हवेने मण्याच्या आतले तापमान खाली आणायचे, मग शून्य ते एक अंशाला आणि नव्वद-पंच्याण्णव टक्के आर्द्रतेला साठवण. खोक्यात दहा पनेट, म्हणजे अर्ध्या किलोचे छोटे डबे. वर सल्फर डायऑक्साइड सोडणारा ग्रेप गार्डचा कागद, भोवती लायनर, म्हणजे प्लास्टिकचे आवरण. त्या कागदाचे दोन थर असतात. पहिला थर पहिल्या दोन-तीन दिवसांत वायू सोडून तोडणीच्या जखमांवरची बुरशी मारतो. दुसरा हळूहळू सोडत पुढचे आठवडे राखतो. वायू सुटतो तो ओलाव्यामुळे. बिघाडाची सुरुवात नेमकी इथे होते.

प्रीकूलिंग चेंबर भरला आहे, मागे गाड्या उभ्या आहेत, म्हणून मणी चार-पाच अंशांवर असतानाच माल कंटेनरमध्ये भरला, तर रीफर तो खाली आणू शकत नाही. रीफरचे यंत्र थंड माल थंड ठेवण्यासाठी असते, गरम माल गार करण्यासाठी नसते. गरम मणी आणि गार हवा यांमुळे लायनरच्या आत पाणी धरते. ते पाणी कागदावर पडले की दुसऱ्या थरातला वायू पहिल्याच आठवड्यात सुटून जातो. देठाजवळचे मणी पांढुरके पडतात आणि पुढे बुरशीला अडवायला काही उरत नाही. बोट्रायटिस ही बुरशी शून्य अंशालाही वाढते, फक्त सावकाश. वीस-बावीस दिवसांच्या प्रवासात ही चूक झाकून जात होती, कारण बुरशी डोळ्यांना दिसायच्या आत माल दुकानात पोचे. पस्तीस-चाळीस दिवसांत ती झाकत नाही. देठांचेही तसेच. वजनात दोनेक टक्के घट झाली की देठ तपकिरी दिसू लागतो. खरेदीदार मण्याआधी देठ बघतो. भरताना पॅलेटमध्ये फटी राहिल्या, किंवा माल कंटेनरमधल्या भरणीच्या मर्यादेच्या लाल रेषेवर गेला, तर हवा सोपा रस्ता धरते आणि मधली खोकी कोमट राहतात. सांगलीहून न्हावाशेवाला जाताना जनरेटर तासभर बंद पडला, किंवा बंदरात कंटेनर प्लगविना राहिला, तर त्याचे वळ तिसाव्या दिवशी उठतात.

या सगळ्यात बागायतदाराचा वाटा किती? आहे, आणि तो आम्ही नाकारत नाही. झाडावर झेपण्यापेक्षा जास्त घड ठेवले, मणी फुगवायला संजीवकांचा मारा केला, तोडणीच्या आदल्या दिवशी वजनासाठी पाणी दिले, साखर भरायच्या आत घाई केली, तर असा माल चाळीस दिवस टिकणार नाही. त्याची जबाबदारी आमची. पण ही तपासणी पॅकहाउसच्या दारात होते. साखर, मण्याचा आकार, सालीची घट्टता, कीडनाशकांच्या उर्वरित अंशांचा अहवाल, सगळे बघूनच माल आत घेतला जातो. दारातून आत गेल्यावरच्या प्रीकूलिंगवर, भरणीवर, जनरेटरवर आणि समुद्रावर आमचा हात नाही. प्रत्येक कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारा डेटा लॉगर असतो. चूक कुठल्या टप्प्यावर झाली, हे त्याचा आलेख तासावारी सांगतो. तो आलेख आजवर आमच्यापैकी कुणालाही पट्टीबरोबर मिळालेला नाही. मिळते ती चार फोटोंची फाइल आणि वजावटीचा आकडा.

तिसरा आक्षेप विम्याचा. बैठकांत सांगितले जाते की माल विम्याखाली आहे, काळजी नको. सागरी मालविम्याची जी नेहमीची कलमे आहेत, त्यांतल्या सर्वांत व्यापक प्रकारातही ‘विलंबामुळे झालेले नुकसान’ वगळलेले असते. विलंब विमा उतरवलेल्या जोखमीमुळे झाला असला तरीही. युद्धाची जोखीम वेगळ्या कलमांनी घेता येते, पण ती क्षेपणास्त्र लागले तर उपयोगी. क्षेपणास्त्र टाळायला केलेल्या वळशात द्राक्ष सडले तर नाही. निर्यात पतविम्यात, म्हणजे ईसीजीसी या सरकारी कंपनीकडे, प्रवास खंडित झाल्याने किंवा मार्ग वळवल्याने वाढलेला आणि खरेदीदाराकडून वसूल न होणारा वाहतूक-विमाखर्च ही जोखीम धरलेली आहे. पण ती निर्यातदाराच्या पॉलिसीत, निर्यातदाराच्या नावावर. म्हणजे खर्च पट्टीतून बागायतदाराकडून वसूल करायचा आणि संरक्षण मात्र दुसऱ्याच्या नावावर. २०१९ मध्ये केंद्राने शेतमालाच्या वाहतूकखर्चाला साहाय्य देणारी योजना आणली, तीतही दावा निर्यातदारानेच करायचा होता. पैसा खाली झिरपला की नाही, हे पाहण्याची सोय योजनेत नव्हती.

या घटना आपल्या भागाला नव्या नाहीत, आणि आम्हाला खरी भीती वाटते ती इथे.

१९ एप्रिल १८६१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी बंडखोर दक्षिणी राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. किनारा साडेपाच हजार किलोमीटरांहून लांब आणि हाताशी असलेली जहाजे नव्वदच्या आसपास, त्यांतलीही बरीच निकामी. १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने ठरवले होते की नाकेबंदी कागदावरची चालत नाही, ती प्रत्यक्ष राखता आली पाहिजे. सुरुवातीला ही जवळजवळ कागदावरचीच होती. चोरून निसटणाऱ्या दहा जहाजांतले एखादेच सापडे. तरी व्यापार आटला. पकडलेल्या जहाजांपेक्षा निघालीच नाहीत अशा जहाजांनी तो आटवला. मोठी, स्वस्त भाड्याची शिडाची जहाजे थांबली. उरली ती बुटकी, वेगवान वाफेची जहाजे, ज्यांच्या पोटात जागा कमी. कमी जागेत तोच माल भरला जाई ज्याच्यावर नफा जास्त. त्यामुळे रेशीम आणि दारू पोचली, रुळांचे लोखंड आणि मीठ पोचले नाही. शेवटी दक्षिणेच्या सरकारला फेब्रुवारी १८६४ मध्ये चैनीच्या वस्तू आणायला बंदी घालून जहाजातली निम्मी जागा सरकारी मालासाठी राखून ठेवावी लागली. त्याआधीच, २ एप्रिल १८६३ रोजी, रिचमंडमध्ये बायका भाकरीसाठी रस्त्यावर आल्या होत्या.

दक्षिणेतून जाणारा कापूस थांबल्याने इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या बसल्या आणि मुंबईच्या कापसाचा भाव चढला. लिव्हरपुलात वजनाच्या पौंडाला सात-आठ पेन्स असलेला अमेरिकन कापूस १८६४ मध्ये पंचवीस पेन्सच्या पुढे गेला, त्यामागे आपलाही गेला. भाव चढताच गासड्यांत सरकी, माती, पाणी भरणे सुरू झाले. ते रोखायला मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापूस भेसळीचा कायदा करावा लागला. सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले, मुंबईत बॅक बे भरणी कंपनीच्या शेअरवर लोक वेडे झाले. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण गेला. नाकेबंदी उठणार हे कळल्याबरोबर भाव कोसळले. १ जुलैला वायद्यांचा हिशोब भागवायचा होता. त्या दिवशी मुंबईतल्या कित्येक पेढ्या बुडाल्या, आणि पुढे बँक ऑफ बॉम्बेही गेली. दख्खनच्या शेतकऱ्याने चढ्या भावाच्या भरवशावर सावकाराला कर्जाचे जे कागद लिहून दिले होते, ते मात्र तसेच राहिले. त्यांत सरकारी साऱ्याची वाढ आली. सावकारांविरुद्धच्या १८७५ च्या उठावात कापसाच्या मंदीचा वाटा किती आणि साऱ्याचा किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण जळाले ते कागदच. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याला ठिणगी पडली. १० सप्टेंबरला कोकरूडमध्ये (तेव्हा सातारा जिल्हा, आज आपला शिराळा तालुका) शंभरेक गावकऱ्यांनी एका सावकाराची कागदपत्रे जाळली. शेतकऱ्याला दिलासा देणारा कायदा १८७९ मध्ये झाला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. भाव कोसळल्यापासून चौदा वर्षांनी.

हे उगाळायचे कारण असे. नाकेबंदी लागली की नुकसान होते, हे सगळ्यांना दिसते. ती उठतानाही होते, आणि ते तुमच्या कलमात कुठेच धरलेले नाही. तांबड्या समुद्राची वाट मोकळी झाली की वळशाने बारा दिवस आधी निघालेले जहाज आणि सुवेझमधून आलेले जहाज एकाच आठवड्यात रॉटरडॅमच्या धक्क्याला लागणार. दोन आठवड्यांचा माल एकदम बाजारात. बंदरात रांग, शीतगृहात जागा नाही, भाव खाली. आपल्या द्राक्षांची युरोपातली खिडकी मुळात अरुंद आहे. आपल्या आधी दक्षिण आफ्रिका आणि चिली, मागून मे महिन्यात इजिप्त. त्यात दक्षिण आफ्रिकेच्या जहाजांना सुवेझशी देणेघेणेच नाही, त्यांचा माल नेहमीच्या दिवसांत पोचतो. ती बारा दिवसांची तूट भरून काढायला आमच्यातलेच काही जण ऑगस्ट-सप्टेंबरात छाटणी घेऊ लागले आहेत. पावसात फूट निघाली की डावणी रोग, घड जिरणे, फवारण्यांचा वाढता खर्च आणि त्या फवारण्यांमुळे उर्वरित अंशाची भीती, हे सगळे त्या छाटणीत येते. समुद्रातल्या वळशाची भरपाई झाडाकडून वसूल करायचा हा प्रकार आहे आणि त्याला तुमचे कलम उत्तेजन देते. परत आलेला किंवा पाठवायचा राहिलेला माल बेदाण्याच्या रॅकवर जातो. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. निर्यातीसाठी पोसलेल्या मोठ्या मण्याला सुकायला वेळ जास्त आणि तासगावच्या सौद्यात त्याला वेगळा भाव नाही.

खतांची बाजू वेगळीच. पालाश आणि फॉस्फेटचा काही माल इस्राएल-जॉर्डनकडून येतो. जॉर्डनचे अकाबा तांबड्या समुद्राच्याच टोकाला आहे. मार्च २०२४ मध्ये बुडालेल्या ‘रुबीमार’ जहाजात सुमारे २१ हजार टन खत होते. ठिबकमधून सोडायच्या खतांचे दर चढले की तो बोजा आम्ही मुकाट घेतो, कुणाच्या पट्टीतून वजा करत नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

ते कलम काढा. त्याच्या जागी पॅकहाउसच्या दारात मालाची लेखी तपासणी आणि दोघांच्या सह्या, एवढे कलम घाला. दारात माल पसंत करून आत घेतला की प्रतीची जबाबदारी बागायतदाराकडून सुटली. पुढे बिघाड निघाला आणि तो बागेतलाच आहे असे म्हणायचे असेल, तर लॉगरचा आलेख, भरतानाचे मण्याचे तापमान आणि तिकडच्या त्रयस्थ सर्वेक्षकाचा अहवाल समोर ठेवा. तिन्हींतून आमची चूक दिसली तर वजावट आम्ही मान्य करू.

मार्गबदलाचा खर्च भाव ठरवतानाच धरा. नंतर वाढलेला अधिभार बागायतदाराकडे येऊ नये. तुमचे म्हणणे असेल की माल विक्रीपोटी पाठवला आहे, जोखीम सगळ्यांची, तर मग नफाही सगळ्यांचा हवा. किमान भाव लेखी बांधा आणि त्यावर मिळालेल्या रकमेत ठरलेला वाटा द्या. अधिभार उतरले की त्याच आठवड्यापासून पट्टीत उतरलेले दिसले पाहिजेत. वाट मोकळी होण्याच्या काळात कुठल्या आठवड्यात किती कंटेनर सोडायचे, हे निर्यातदारांनी आपसांत आणि आमच्याशी बसून ठरवावे. एकाच आठवड्यात सगळ्यांनी धक्का गाठू नये.

ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षबागांच्या नोंदणीच्या यंत्रणेवर प्रत्येक प्लॉटचा नोंदणी क्रमांक आहेच. बागेपासून कंटेनरपर्यंतचा माग त्यावर निघतो. त्याच क्रमांकाखाली लॉगरचा आलेख, जहाजाचा मार्ग, पोचल्याची तारीख आणि अधिभाराची बिले बागायतदाराला पाहता यावीत. नवी यंत्रणा उभारायची गरज नाही, शासनाने दोन रकाने वाढवायचे आहेत.

नाशवंत मालासाठी विलंबाचा विमा शासनाच्या पाठबळाने आणावा. खाजगी विमा कंपन्या तो आपण होऊन देणार नाहीत. मार्ग वळवल्याच्या खर्चावर पतविम्याची किंवा साहाय्याची जी रक्कम निर्यातदाराला मिळेल, ती ज्या पट्टीतून खर्च कापला तिथे परत गेल्याचा दाखला जोडल्याशिवाय दावा मंजूर होऊ नये.

चाळीस-पंचेचाळीस दिवसांच्या प्रवासासाठी कुठली जात, किती साखरेला तोडणी, कुठला ग्रेप गार्ड, लायनरला किती भोके, याचे प्रयोग मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने आणि पॅकहाउसांनी मिळून सांगलीच्या मालावर करावेत आणि निष्कर्ष मराठीत, खरड छाटणीच्या आधी द्यावेत. आणि प्रीकूलिंगची क्षमता बघूनच रोजची तोडणी ठरवा. चेंबर दहा टनांचा असताना वीस टनांच्या गाड्या बोलवायच्या आणि उरलेला माल रात्रभर शेडमध्ये ठेवायचा, हे आता चालणार नाही.

उत्तर लेखी हवे आहे, आणि फळ छाटणीची कात्री लागायच्या आधी हवे आहे. त्यासाठी तासगावला किंवा सांगलीला, तुम्हाला सोयीचे असेल तिथे आम्ही बसायला तयार आहोत. येताना आम्ही २०२३-२४ पासूनच्या सगळ्या पट्ट्या घेऊन येतो. तुम्ही जहाज कंपनीची बिले आणि लॉगरचे आलेख घेऊन या.

आपले,
सांगली जिल्ह्यातील निर्यातक्षम द्राक्ष बागायतदार